सलीमचाचा आणि माझा नवा जिवाणू

सलीमचाचा पेट्री डिशचं झाकण बोटभर उचलून वास घेत आणि आत कोणता जिवाणू वाढलाय ते सांगत. जळगावच्या आमच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो, ते प्रयोगशाळेत परिचर होते. "असं हुंगू नये, चाचा," असं मी त्यांना पीएचडीच्या रुबाबात बजावायचो. मग हळूच विचारायचो, "बरं, कोण आहे?"

जिवाणूंची दुहेरी लॅटिन नावं त्यांनी पोरांना सोपी करून दिली होती. "शाळेच्या हजेरीसारखं आहे. आडनाव आधी, नाव नंतर." पण नाव ठेवायची घाई त्यांना चालत नसे. "पहिले दिसतो कसा, रंग कोणता धरतो, कोणती साखर खातो ते पाहा. नाव मागाहून."

मला नावाचीच घाई होती. असोद्याच्या एका केळीच्या बागेतली माती मी आणली. एका डिशवर लिंबासारख्या पिवळ्या, चकचकीत वसाहती उगवल्या. असा जिवाणू मी मातीत पाहिला नव्हता. म्हणजे जगात कुणीच पाहिला नसणार, हा निष्कर्ष मी चहा संपायच्या आत काढला. शोधणाऱ्याने प्रजातीला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, हे वाचून दोन दिवस हळहळलो. शेवटी 'असोदेन्सिस' नक्की केलं. तपासण्या निम्म्याही झाल्या नव्हत्या, पेढे मात्र वाटून झाले. प्राचार्यांनी येत्या सोमवारसाठी पत्रकारांना बोलावणं धाडलं.

शनिवारी चाचांनी माझ्यापुढे एक डिश ठेवली. तशाच पिवळ्या वसाहती!

"पुन्हा मिळाला?" मी आनंदाने ओरडलो.

"मिळाला, सर. पण यात माती नाही. मंगळवारी मी तुमचा अंगठा या डिशवर टेकवून घेतला होता, आठवतं?"

आठवत होतं. पोरांना हात धुण्याचं महत्त्व दाखवायचं असेल, असं मला वाटलं होतं.

"हा असोद्याचा नाही, सर. तुमच्याच घरचा आहे."

सूक्ष्मदर्शकाखाली चार-चारच्या पुंजक्यांत गोल पेशी दिसल्या. माणसाच्या कातडीवर राहणारा, माझ्या पणजोबांच्या काळीच नाव मिळालेला साधा जिवाणू. दुसऱ्या वर्षाच्या पोरानेही ओळखला असता.

प्राचार्यांकडे जायला माझे पाय उचलेनात. चाचा म्हणाले, "सांगा, डिशचं झाकण माझ्याकडून उघडं राहिलं." आणि मी तसंच सांगितलं. प्राचार्य त्यांना सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा होतो.

सोमवारी चाचांनी नेहमीसारखं विचारलं, "सर, आज काय काय तयार ठेवू?" मला ते असह्य झालं, पण प्राचार्यांकडे जाऊन खरं सांगावं इतकं नाही.

चार वर्षांनी चाचांच्या निरोप समारंभात मी उठून सगळं सांगून टाकलं. ते प्राचार्य तोवर निवृत्त झाले होते, त्यामुळे माझ्या धाडसाला धोका नव्हता. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. निरोप चाचांचा आणि भाव खाल्ला मी.

पुढच्या रांगेतल्या चाची हसल्या नाहीत. कार्यक्रमानंतर त्या मला म्हणाल्या, "मलाही हे तसंच म्हणाले होते, झाकण माझ्याकडून राहिलं. आणि मी यांना किती बोलले! नजर गेली, हात थरथरतात, आता घरी बसा म्हणून."

"जाऊ दे ना," चाचा म्हणाले. "सर, जेवून जा."

आठवड्याभरात दोघं मुलीकडे धुळ्याला राहायला गेली. दर ईदला मी जातो. चाचा कडकडून गळाभेट घेतात. चाची शीरखुर्म्याची वाटी पुढे करतात, पण अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे.