सरांचं आणि ‘सॉरी’चं वैर

इंग्रजी शब्दांची उलटतपासणी घेण्यात आमच्या शेजारच्या सरांचा हात धरेल असा माणूस दादरमध्ये तरी झाला नाही. परळच्या एका शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवून सर निवृत्त झाले, पण त्यांच्या तावडीतून शब्द काही सुटले नाहीत. सकाळी शिवाजी पार्कच्या कठड्यावर आम्ही नेटमधली पोरं बघत बसलेलो असायचो. कुणाच्या तोंडून ‘रन’ निघाला की संपलं. “याच्याइतका राबणारा शब्द इंग्रजीत नाही,” सर सुरू करायचे. “त्यांचं नाक धावतं, कपड्याचा रंग धावतो, दुकान धावतं, निवडणुकीत उमेदवार धावतो. आपल्याकडे नाक गळतं, रंग जातो, दुकान चालतं आणि उमेदवार नुसता उभा राहतो.” तोवर नेटमधला पोरगा त्रिफळाचीत होऊन पॅड सोडत असे आणि चेंडू कसा वळला हे आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नसे.

सरांच्या लेखी ‘सेट’ दुसऱ्या नंबरावर, कारण दही, केस, दागिने आणि परीक्षेचा पेपर हे सगळं त्या एका शब्दात बसतं. मात्र त्यांचा खरा राग होता ‘सॉरी’वर. “रनला ढीगभर अर्थ असतील, पण तो फसवत नाही. बाजूचा शब्द बघितला की अर्थ कळतो. सॉरीला अर्थ मोजके, पण ते एकमेकांचे कपडे घालून हिंडतात. धक्का लागला, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी. कुणी गेलं, सॉरी. आणि गळा कापला तरी सॉरीच.” एकदा वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या न्हाणीघरातलं पाणी सरांच्या भिंतीत उतरलं. ते बिचारे खाली येऊन सॉरी म्हणाले. सरांनी विचारलं, “म्हणजे तुम्हाला वाईट वाटतंय, की चूक कबूल आहे?” गृहस्थ गोंधळून म्हणाले, “सर, मी प्लंबर पाठवतो.” हा अर्थ सरांना इतका आवडला की त्यांनी त्यांना बसवून चहा पाजला.

सरांचे थोरले भाऊ लालबागला राहायचे. सगळे त्यांना दादा म्हणत. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं होतं. आई त्यांच्याकडेच असायची. दोन वर्षांमागे सर आणि त्यांची बायको केरळच्या सहलीला गेले असताना आईला ताप आला. दादांनी तिला इस्पितळात नेलं, पण सरांना फोन केला नाही. साधा ताप आहे, दोघं जन्मात एकदा फिरायला गेलेत, त्यांची सहल कशाला मोडा, असं त्यांना वाटलं. ताप साधा नव्हता. आई गेल्यावर फोन झाला आणि सर पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर दादा दादरला आले. मी सरांकडेच बसलो होतो. दादा चपला काढून दारातच उभे राहिले. ते घरी मालवणीत बोलायचे, पण त्या दिवशी त्यांनी धाकट्या भावाची भाषा काढली. “सॉरी, भाऊ,” ते म्हणाले.

सर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “कुठल्या अर्थाने? आई गेली म्हणून, की मला कळवलं नाही म्हणून?”

दादा म्हणाले, “माका तितक्या इंग्रजी येना नाय रे.” आणि चपला घालून जिना उतरले.

त्यांना थांबवावं असं मला वाटलं. सरांनाही वाटलं असावं, कारण ते उठून गॅलरीत गेले. पण हाक त्यांनी मारली नाही. नंतर कठड्यावर ते म्हणायचे, “दादाने फोन करावा ना. मोठेपणा थोरल्याने दाखवायचा, मी थोरला आहे का?” दादांचा फोन आला नाही. आला तो वहिनींचा, यंदाच्या माघात. दादांना झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

तेव्हापासून सर रोज दुपारी लालबागला जातात. गेल्या महिन्यात मीही गेलो होतो. सरांनी दादांची दाढी केली, गळ्याखालचा फेस टॉवेलने टिपला, वाटीतली पेज भरवली. आणि मग, चाळीस वर्षं वर्गात आणि घरात प्रमाण भाषेशिवाय न बोललेले आमचे सर त्यांच्या कानाशी वाकून मालवणीत म्हणाले, “दादा, माझा चुकला.”

या शब्दांना दुसरा अर्थ नव्हता. दादांनी सरांकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. थोड्या वेळाने डावा हात उचलून त्यांनी पेजेची वाटी सरांकडे सरकवली.

“नको झाली असेल,” वहिनी म्हणाल्या.

“नाही,” सर म्हणाले, “मला ‘घे’ म्हणतोय.” पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तरी खात्रीने सांगेन. मी होकारार्थी मान हलवली. सरांनी वाटी घेतली आणि उरलेली गार पेज कडेपर्यंत निपटून खाल्ली.