वाकड्या ओळी आणि दौलतचा हात

दौलतचा हात आधी उठायचा आणि राग मागून यायचा, असं बाळकुमची जुनी माणसं सांगत. बाप दामाजी खाडीत होडी घालणारा, शांत गडी. पोरगा मात्र दारूगोळा. टेंभी नाक्यावर हंडीच्या गर्दीत शेजारचा खांदा तिरका धरतो म्हणून या पठ्ठ्याने वरचे थर उतरायच्या आधीच त्याचं नाक फोडलं होतं. त्या दिवशी दामाजी म्हणाला, "हाताला लगाम घाल रं, नाय तं एक दिस हा हातच तुला खाईल."

माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. आजाऱ्याला खांद्यावर टाकून नेणारा, भाकरीतली अर्धी मोडून देणारा. पण वाकडं त्याच्या डोळ्यांना सहन होत नसे. दारातल्या चपला वाकड्या, पोळी वाकडी, पोरीच्या वहीतली अक्षरं वाकडी, की याच्या कानशिलाजवळची शीर टरारून फुगलीच. मग समोर कोण आहे ते त्याला दिसायचं नाही.

आणि दैवाची गंमत अशी, की असा माणूस पोटाला लागला तो वाकड्या ओळींच्याच धंद्यात. ते दिवस नव्वदीच्या सुरुवातीचे. वागळे इस्टेटमध्ये एका लहानशा कंपनीत कारखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहीत. वाफ कधी सोडायची, झडप कधी बंद करायची, हे सगळं ओळीओळीने लिहून काढायचं. दौलतचं डोकं त्यात असं चालायचं की मालक त्याला हातावर झेलायचा. पण लिहिणारे सहा आणि तऱ्हा सहा. कुणी ओळ समासाला चिकटवायचा, कुणी मैलभर आत ढकलायचा, कुणी कंस भलतीकडेच सोडून चहाला जायचा. मशीनला त्याचं काही नसतं, दौलतला होतं. एकाला त्याने की-बोर्ड फेकून मारला. शिवराम नावाचा किडकिडीत, लाघवी मुलगा नवा लागला होता. त्याची मान धरून दौलतने त्याचं तोंड स्क्रीनवर दाबलं, "बघ! बघ काय ओकलायस!" मालकाने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "दौलत, मला तुझं डोकं हवंय. हात घरी ठेवून येत जा."

घरी तरी कुठे ठेवणार? वर्तकनगरच्या त्या दोन खोल्या बायकोच्या, मंदाकिनीच्या नावावर होत्या. ती टेकडीखालच्या इस्पितळात नर्स होती. एका सकाळी चहाची बशी कपाखाली नीट बसली नाही म्हणून दौलतने स्टीलचा तांब्या भिरकावला. तिची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरत होतं. ओच्याने ते पुसत तिने अगदी सावकाश सांगितलं, "अहो, नीट ऐका. माझ्यावरच नाही, पोरीवर, शेजाऱ्यावर, ऑफिसातल्या कुणावरही पुन्हा हात पडला, तर तुमचा-माझा संसार संपला. मी रडणार नाही, भांडणार नाही. संपला."

दौलत हादरला. तिच्यावाचून जगणं त्याला ठाऊकच नव्हतं. हात तर मुठीत राहत नव्हता. मग त्याने डोक्याला कामाला लावलं. वाकडं दिसलंच नाही तर हात उठेल कशाला?

ऑफिसात रोज संध्याकाळी सगळ्यांचं लिखाण एकत्र करून त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करत. त्याला 'बिल्ड' म्हणत. दौलतने एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि तो बिल्डच्या अगदी तोंडाशी बसवला. बिल्ड सुरू झाला की हा प्रोग्राम आधी प्रत्येकाचं लिखाण उघडायचा, ओळी सरळ करायचा, तुटकी वाक्यं जोडायचा, कंस रांगेत उभे करायचा, जुनं पुसून तिथे हे नवं ठेवायचा, आणि मगच पुढचं काम. कुणी सांगायला नको, कुणाला विचारायला नको. ऑफिसात त्याला 'इस्त्री' म्हणू लागले.

काय दिवस आले म्हणता! दौलत सकाळी येई तेव्हा पडद्यावर सगळं कसं शाळेच्या कवायतीसारखं. कानशिलाजवळची शीर झोपून गेली. दौलत शिट्टी वाजवी. एकदा तर त्याने शिवरामला स्वतःच्या पैशाने मिसळ खिलवली. वासंती, जी तिथली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात फटकळ, ती म्हणाली, "सरांनी प्रोग्रामला इस्त्री केली की स्वतःला?" सगळे हसले. दौलतही हसला. घरी तर मंदाकिनीच्या भुवईवरचा व्रणसुद्धा फिका दिसू लागला त्याला.

मग डोंबिवलीचं काम आलं. रंग बनवणारा एक कारखाना. मोठ्या टाकीत वाफ सोडायची, ठरलेलं तापमान आलं की झडप आपोआप बंद. हा भाग शिवरामने लिहिला. चाचणी नुसत्या पाण्यावर घेतली. दौलत स्वतः हजर होता. काटा लाल खुणेवर गेला, खुणेच्या पुढे गेला, झडप उघडीच. कुणीतरी ओरडलं, आणि झाकणाचे नट उडून उकळतं पाणी बाहेर फुटलं. सहदेव नावाचा कामगार खाली उभा होता. त्याची किंकाळी पत्र्याला आपटून परत आली. पँट ओढून काढली तेव्हा तिच्याबरोबर कातडीही निघाली.

दौलत तिथून तडक ऑफिसात परतला. शिवरामचं लिखाण उघडलं. झडप बंद करायची ओळ होती. पण ती दोन तिरक्या रेघांच्या मागे होती. अशा रेघांमागे माणसं आपल्यासाठी शेरे लिहितात, मशीन तिकडे बघतही नाही. एखादी ओळ तात्पुरती बंद ठेवायची तरी हीच युक्ती. दौलतला वाटलं, उघड आहे. पोराने कसल्याशा चाचणीसाठी ओळ बंद केली आणि विसरला.

"ही कोणी बंद केली?"

शिवराम वाकून बघू लागला. "सर, मी नाय केली. आईशप्पथ. मी शेरा लिहिलेला, ओळ त्याच्या खाली होती."

"खाली? आणि उडी मारून वर गेली?"

"नाय माहीत सर, पण मी..."

पुढचं वाक्य दौलतच्या मुठीने तोडलं. शिवराम खुर्चीसकट उलटला. दौलतने त्याला कॉलर धरून उचललं आणि भिंतीवर आपटलं. एक, पुन्हा एक. "माणूस सोलून निघाला तिकडे! सोलून!" जबड्यातून काहीतरी लाकडासारखं मोडल्याचा आवाज आला. वासंती दौलतच्या पाठीवर जाडजूड पुस्तकाने हाणत किंचाळत होती, "सोडा! मारून टाकाल त्याला, सोडा!" शेवटी ती मध्ये घुसली तेव्हा त्याचे हात सुटले. शिवराम भिंतीला घसरत खाली बसला. तोंडातून रक्ताची लाळ शर्टावर ओघळत होती.

दौलत धापा टाकत खुर्चीत बसला. डोंबिवलीला दुरुस्ती पाठवायला हवी होती, तेवढंच त्याला सुचलं. ती ओळ त्याने रेघांमागून काढली, खाली आपल्या जागी ठेवली, आणि बिल्ड चालवला. झाल्यावर खात्रीसाठी पुन्हा उघडून पाहिलं.

ओळ पुन्हा वर, रेघांच्या मागे जाऊन बसली होती.

त्याने पुन्हा खाली आणली. पुन्हा चालवला. पुन्हा वर.

मग त्याला कळलं. प्रोग्रामातलं प्रत्येक वाक्य अर्धविरामाने संपतं. तो दिसला नाही की इस्त्री वाक्याला तुटकं समजायची आणि खालची ओळ वर ओढून जोडायची. शेऱ्याला कुठला अर्धविराम! तिरक्या रेघांचा शेरा ही पद्धत नवी, शिवराम नुकताच शिकलेला. दौलतने इस्त्री लिहिली तेव्हा तिला ती शिकवलीच नव्हती.

बोट न उचलता त्याने सहदेवचे पाय भाजले होते, आणि त्यासाठी शिवरामचा जबडा मोडला होता.

त्याने शिवरामला उचललं, जिना उतरला, रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "कुठे नेऊ? टेकडीखालचं जवळ आहे."

टेकडीखाली मंदाकिनी ड्यूटीवर होती. नाक्यापलीकडेही एक दवाखाना होता, जरा लांब. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. मांडीवर शिवरामचं डोकं होतं, श्वास घरघरत होता. तोंडातलं रक्त घशात जात होतं.

"टेकडीखाली," दौलत म्हणाला. "जोरात."

मंदाकिनीनेच स्ट्रेचर धरलं. शिवरामचं तोंड साफ करताना तिने विचारलं, "कसं झालं रे?" त्याने मोडक्या जबड्याने, नोकरीच्या भीतीने म्हणा की चांगुलपणाने म्हणा, शब्द ढकलले, "जिन्यावरून... पडलो."

तिने वर पाहिलं. दौलतच्या मुठीवरची कातडी सोललेली होती.

"मी मारलं," तो म्हणाला. "मंदा, चूक त्याची नव्हतीच. माझ्या प्रोग्रामची होती. माझीच चूक होती गं."

तिचे हात थांबले नाहीत. कापूस बदलत तिने विचारलं, "आणि त्याची असती तर?"

दौलतने सोललेली मूठ पाठीमागे घेतली. आयुष्यभर या प्रश्नाच्या बाजूबाजूने तो चालला होता.

डॉक्टर आले, शिवरामला आत नेलं. मंदाकिनीने हात धुतले, पदराला पुसले, आणि तळवा पुढे केला.

"किल्ली."

"मंदा..."

"घर माझं आहे. मी का जाऊ? कपडे पोरीकडून बाळकुमला पाठवीन. आणि चौकीत स्वतःच्या पायाने जा, नाही तर मी पोलिसांना इथे बोलावते."

दौलतने खिशातून किल्ली काढली. बोटं सुजली होती, कडीतून निघेना. तिने मदत केली नाही, हात पुढे धरून उभी राहिली. किल्ली सुटली तेव्हा तिने ती घेतली आणि आत शिवरामकडे गेली. दौलत रस्ता ओलांडून चौकीच्या पायऱ्या चढला. हवालदाराने विचारलं, "तक्रार द्यायचीय?"

"माझ्याविरुद्ध," तो म्हणाला.