शिवणीच्या आतलं कापड

आफ्रिकेतल्या ज्या वस्तीत मी शिकवतो, तिथे आजाराने खंगलेली बाईसुद्धा रविवारच्या चर्चसाठी इतका नेटका पोशाख का करते, हा माझा प्रश्न होता. लाल ब्लाऊज, पांढरी कॉलर, काळा स्कर्ट आणि पांढरी टोपी हा तिथल्या महिला मंडळाचा गणवेश. मंडळातल्या बाईला पुरतातही त्याच पोशाखात.

शेजारच्या नोमसाबाई खंगत चालल्या आहेत. ब्लाऊज सैल झाला की शनिवारी दारात बसून त्या बाजूला नवी टीप घालून तो आत घेतात. काल त्यांची मैत्रीण ग्रेस म्हणाली, "अगं, आता यात मावणारी दुसरी बाई मंडळात सापडायची नाही."

"मग मलाच घालून पाठवा. टोपी मात्र तुझ्यासारखी तिरकी बसवू नकोस."

दोघी हसल्या. शिवणकामाचा साधा नियम आहे: आत घेतलेलं कापड कापायचं नाही, अंग भरलं की उसवता येतं. नोमसाबाईंनीही ते आजवर राखलं होतं. काल टीप घालून झाल्यावर त्यांनी कात्री मागितली आणि आतलं ते राखलेलं कापड सावकाश, सरळ रेषेत कापून टाकलं.

आज त्यांचा ब्लाऊज चर्चमध्ये सर्वांत नीट बसला होता. इतका नीट बसलेला कपडा दिसला, तर त्याची शिवण उलटून पुन्हा अंग भरेल म्हणून आत काही राखलं आहे का, ते आपणच पाहावं; घालणारी सांगत नाही.