हिरवी काच न चिचेखालची बाई

शेठनं आमच्या मोटारीचा टाइम असा काढला होता का सुर्य जाताही डोळ्यात न येताही डोळ्यात. सकाळी नागपुरावून रामटेकले निघालो का तो समोरून वर येऊन राहे. संध्याकाळी वापस निघालो का समोरच बुडून राहे. बाकीचे डायवर म्हणत, "तुही न सुर्याची काय दुश्मनी हाय गा?" मी म्हणो, "दुश्मनी नाही, माहं तोंड पाह्यल्याबिगर त्याले घास गिळत नाही." तोंडाचं म्हणाल तं ते माह्या बायकोलेही फुकट पाह्यलं तरी महाग वाटे.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल भेटत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मांगे कोळशाची भट्टी बसवली होती, तिच्या ग्यासवर गाडी चाले. चढ आला का लोकं उतरून ढकलत. मी अंदर बसून चाक फिरवो न म्हणो, "जोर लावा गा, मी हाय ना!" असा मी डायवर. शाळेची पायरी चढलो नाही, मैलाचा दगड दिसला का कंडक्टरले विचारो, काय लिवलं हाय.

माही बायको तिच्या मायजवळच राहे. मी रातच्याला मोटारीतच झोपत होतो, आता तिले बाकड्याखाली झोपवू का? कन्हानच्या पुढं एक मोड हाय, मोडावर चिचेचं मोठं झाड. तिच्या मायचं गाव तिथून हाकेवर. सकाळी गाडीची वेळ झाली का ते चिचेखाली भाकरीचं फडकं घेऊन उभी राहे, कपाळावर हात धरून. सुर्य तिच्या मांगे असे, पण माह्या मोटारीची काच त्याच्यासमोर लखलख करे, न ते चकाकी सारी तिच्या डोळ्यात.

एकदा तिनं मिलटरीचा ट्रकच थांबवला, कामठीच्या छावणीतला. गोऱ्या सोजिराच्या हातात फडकं देल्लं न म्हणते, "झुणका हाय, गरम गरम खाऊन घेजो." तो हासला न घेऊन गेला. मी मांगून आलो तं हिचे हात रिकामे.

"माही भाकर कोठी हाय वं?"

"तुहीच मोटार समजून देल्ली. काचेत निस्ता उजेड दिसते. अंदर तू बसला का वानर बसलं, मले का मालूम?"

"वानर तं वानर. पण भाकर तं वानरालेच द्याची होती ना?"

कंडक्टर रामटेक येवरी हासत होता. मी उपाशी.

त्या पावसाळ्यात तिले ताप आला न त्यातच ते गेली. तेरवी झाली न मी त्या गावात पाय ठेवणंच सोडलं. सासूले काय तोंड दाखवू? तसंही आमच्यात सासू जावयासमोर येत नाही. जावई अंगणात दिसला का पदर ओढून आडोशाले होते. बोलाचंच असन तं लेकीकडे पाहून बोलते, "पाव्हण्याले म्हणा, जेवून जा." आता लेकच नाही, मंग कोण कोणाले काय म्हणन?

थंडी गेली, चैत लागला. एका सकाळी मोडावर गाडी वळली, काचेवर असा उजेड पडला का समोर सारं पांढरं. न त्या पांढऱ्यात, चिचेखाली, बाई उभी. कपाळावर हात.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. मांगे सारे एकमेकायच्या अंगावर पडले. कोणाची कोंबडी सुटली, कोणाचं दही सांडलं. खाली उतरून पाह्यलं तं कोणी नाही. चिच, तिची सावली, वाळले पानं. पानं हालतही नव्हते.

कंडक्टर म्हणे, "काय होतं गा?"

"गाय."

"कोठी गेली?"

"गाईले का मी टिकीट देल्लं, कोठी गेली सांगाले?"

मंग असं होऊ लागलं. काही दिवशी ते दिसे, काही दिवशी नाही. दिसली का पाय आपोआप ब्रेकवर जाये, खाली उतरलो का चिच एकटी. लोकायनं माहं नाव धक्क्या डायवर ठेवलं. मीही हासो. पण मोड जवळ आला का हाताले असा घाम सुटे का चाक निसटे. खरी गोठ सांगतो, भेव वाटे. न ज्या दिवशी नाही दिसे, त्या दिवशी रामटेकवरी मोटार ओढतच नव्हती. लोकायले सांगो, आज कोळसा ओला हाय.

एका दिवशी ब्रेक मारला न एका बाईच्या कडेवरच्या पोरीचं डोक्सं बाकड्यावर आपटलं. रगत निघालं. पोरगी वाचली, पण शेठनं मले बलावलं.

"तुले दिसते का नाही गा?"

"दिसते शेठ. चकाकीत जरा जास्तच दिसते."

"मंग धूपचष्मा घे. आखरी बार सांगतो. परत मधात ब्रेक लागला तं चाबी इथं ठेव न घरी जा."

घर कोठी होतं माहं! चाबी गेली तं मोटार गेली, न मोटारीतच माहं अंथरूण. न दुसरा कोणी मरता मरता वाचन का नाही, कोणाले मालूम? चष्मा तं घेणंच होतं. पण ते चकाकीतच येते. चकाकी गेली तं ते बी जाईन.

नागपुरात इतवारीच्या बाजारात एक चष्मेवाला बसे. मी म्हटलं, "असा चष्मा द्या का सडक दिसन न सुर्य नाही दिसन."

तो म्हणे, "और कुछ? बीवी दिखे, सास ना दिखे, ऐसा भी चाहिये क्या?"

मी हासलो. त्याले काय मालूम.

त्यानं काळ्या काचेचा चष्मा देल्ला. "साहब लोग यही लेते हैं." मी दुकानातच लावून आरशात पाह्यलं. माहं तोंड दिसलंच नाही. म्हटलं, बेस माल हाय. बाहीर निघालो न सरळ नालीत. चष्मेवाला ओरडला, "कांच फूटी क्या?" माहा पाय फुटला का नाही, ते नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून बसलो तं बाया मोटारीत चढतच नव्हत्या. उन्हाळ्यात डोळ्याची साथ असे, न डोळे आल्याच्या डोळ्यात पाह्यलं का आपलेही येते म्हणत. एक म्हतारी नातवाच्या तोंडावर पदर टाकून उतरली. "डोळे आले वं याचे! पाहू नको तिकडे!" मी चष्मा काढून म्हटलं, "पाहा ना मावशी, चांगले हायेत." तं ते अजूनच पळाली. एक बुढा म्हणे, "मोतीबिंदू काढलेला माणूस मोटार चालवते? मी पायीच जातो."

पण मोडावर खरंच काही नाही दिसलं. सडकही नाही दिसली म्हणा. ऊन सोडून आंब्याच्या सावलीत शिरलो का भर दिवसा अमावस. कंडक्टर बोंबलला, "बंडी! बंडी!" तवा कुठं माहीत पडलं का समोर बैलबंडी हाय. एका वितीनं वाचलो. बंडीवाल्यानं माह्या मायले जे म्हटलं ते मले ऐकू आलं. कान काळे नव्हते झाले.

काळा वापस केला, पिवळा आणला. चष्मेवाला म्हणे, "इसमें तो बादल में भी उजाला." तेच झालं. सारी सडक हळदीच्या पाण्यानं धुतल्यासारखी. मोडावर आलो न ते उभी होती, पह्यल्यापेक्षा जवळ. लुगड्याचा लाल काठ दिसला. तो काठ मी वळखत होतो. रामटेकच्या जत्रेत ते लुगडं मीच घेतलं होतं, न तिनं म्हटलं होतं, "काठ बैलाच्या झुलीसारखा हाय." ब्रेक मारतच होतो, पण पाय असा थरथरला का ब्रेक सोडून वेगाच्या पट्टीवर पडला, न मोटार भुकत भुकत मोड पार झाली. शेठची नोकरी माह्या भेकडपणानं वाचवली.

त्या दिवशी मी जेवलो नाही. लुगडं तिचंच होतं. आता कोणी म्हटलं असतं का चकाकी हाय, तं मी ऐकलं नसतं.

मंग हिरवा. डोळ्याले गार, ना काळोख ना भडका. शेठ म्हणे, "मी सोता संग येतो. पाहू दे तुहे डोळे." माह्या बाजूले येऊन बसला, हात मांडीवर, जसा चाबी घ्याले तयारच. कन्हानचा पूल गेला. मी मनातल्या मनात म्हटलं, आज नको येऊ. मंग म्हटलं, ये.

मोड आला. उजेड पडला, पण या बारी सडक पांढरी नाही झाली. खड्डे दिसले, चिचेच्या मुळ्या दिसल्या. न ते दिसली. लाल काठाचं लुगडं, कपाळावर हात. केस पांढरे. पाठ वाकली. हातात काठी.

माह्या पायानं ब्रेक अर्धा दाबला. मोटार हळू झाली तशी तिनं पदर ओढला न झाडाच्या आड होऊ लागली, भराभर, जशी जावई अंगणात आल्यावर होते तशी.

लेकीचं लुगडं घालून माही सासू उभी होती.

मी पाय उचलला. मोटार पुढं गेली. शेठ म्हणे, "काय होतं तिथं?"

"काही नाही शेठ. एक म्हतारी होती."

"मंग? ब्रेक नाही मारला!"

"कायले मारू? तिले कुठं जाचं होतं?"

रामटेकले मी सासूच्या गावच्या माळणीले विचारलं. ते कन्हानवून आणलेले वांगे मोटारीवून उतरवून राहिली होती. म्हणे, "तुले मालूम नाही? मोटारीचा भोंगा वाजला का काठी घेऊन निघते. गुडघे दुखले का नाही येत. जावई सुकला का काय, पाह्यते म्हणे. पण काचेत उजेडच दिसते म्हणे, तू काही दिसत नाही."

"मंग कोणी सांगितलं काहून नाही वं मले?"

"कवा सांगू? मोडावर तू ब्रेक मारत होता न आमी सारे उलटे पडत होतो. खाली पडून बाहीर कोण पाह्यते?"

तवापासून हिरवाच चष्मा. मोडावर थांबत नाही. थांबलो तं सासू आडोशाले होते, न तिले त्या गुडघ्यानं पळा लागते. पायानं जरासा वेग कमी करतो न मान तिच्याकडे फिरवून धरतो, तोंड खिडकीबाहीर काढून, जेवलेल्या माणसासारखं फुगवून. शेठले वाटते, डोळे सुदरले.

सुदरलेच. कधी कधी मोडावर मी चष्मा कपाळावर सारतो. सारं पांढरं होते, डोळ्यातून पाणी येते, न त्या पांढऱ्यात म्हतारी उभी असते. म्हतारीच असते.