बांधापलीकडच्या कळ्या

सगुणाबाईला गावात कुणी शहाणी म्हणत नसे. मागितलं तर देते, न मागता देते, आणि वर "घे ना बाई" म्हणून आर्जव करते, अशा बाईला आपल्याकडं काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको. नवरा होता तोवर हे खपून गेलं. तो गेला आणि धाकटा दीर साहेबराव जमिनीवर डोळा ठेवून बसला. शहाण्णव साली त्यानं चार माणसांत बोलून घेतलं, "औंदा वैनीनं कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट पास करून दाखवावा. न्हाई जमलं तर वावर मी करीन." सगुणाबाईनं होकार दिला खरा, पण तेव्हापासून तिला भाकरी गोड लागत नव्हती.

धावड्याच्या शिवारात बियाण्याचा प्लॉट म्हणजे तळहाताच्या फोडासारखा जपायचा. उद्या उमलणारी कळी आज दुपारून नखानं सोलायची, आतले केसर काढून टाकायचे आणि सकाळी नर झाडाच्या फुलाचा केसर तिला लावायचा. एखादी कळी सोलायची राहिली, की सकाळी उमलून ती आपल्याच केसरानं फळते आणि बियाण्यात भेसळ होते. बियाणं घेणाऱ्या कंपनीच्या साहेबाला अशी फुलं दिसली, की प्लॉट नापास.

साहेब उद्या सकाळी येणार होता. दुर्गाबाईच्या मजूर टोळीतल्या बाया सगुणाबाईच्या वावरात ओळीनं कळ्या सोलत होत्या, तेवढ्यात बांधापलीकडून आरडाओरड झाली. शेजारच्या वावरातल्या लालमियाँला पान लागलं होतं. सापाचं नाव न घेता गाव असंच बोलतं. त्याला जीपमध्ये घालून भोकरदनच्या दवाखान्याला निघाले, घरच्या बायाही सोबत बसल्या. त्याची बायको जन्नतबी चढता चढता एकदा मागं वळली. आपल्या प्लॉटकडं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. साहेब उद्या तिचाही प्लॉट बघणार होता.

सगुणाबाईनं ते बघितलं आणि हातातलं काम थांबवलं.

"दुर्गे, अर्ध्या बाया घे अन् चल पलीकडं."

"अन् आपल्या ओळी?"

"व्हतील तेवढ्या व्हतील."

बांधावर उभा साहेबराव खो खो हसला. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! वैनी लष्करच्या भाकरी भाजून राह्यल्या!"

ती काही देवमाणूस नव्हती. भ्याली होती. जन्नतबीची एकेक कळी सोलताना मन म्हणत होतं, माघारी फीर, तुझं वावर जाईल. दोन-चार कळ्या तिच्या हातून चुरगळल्याही. पण ती फिरली नाही.

दिवस मावळताना जन्नतबीचा प्लॉट उरकला. सगुणाबाईच्या खालच्या अंगाच्या ओळी तशाच राहिल्या आणि अंधारात कळी दिसेना. दुर्गाबाई डोक्याचं फडकं सोडत, वर न बघता म्हणाली, "साहेबरावानं उद्यापून टोळी त्याच्या प्लॉटवर बोलावलीय. मजुरी जादा दिऊन राह्यला. बाया जायचं म्हनतेत."

सोलायच्या राहिलेल्या कळ्या सकाळी उमलणार, आणि साहेब यायच्या आत ती फुलं तोडायला आता कुणीच नाही.

"जा बाई. तुमालाबी पोट हाय," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

उजाडायच्या आत ती एकटीच वावरात आली. उमलू लागलेलं फूल दिसेल तसं ओरबाडत सुटली. एक ओळ होईस्तोवर पाठीमागं दुसरी उमलत होती. ऊन जसं चढलं, तशी वावरभर फुलं हसायला लागली. तिला रडू फुटलं. सडकेवर साहेबाच्या मोटारसायकलचा आवाज आला आणि साहेबराव हाताची घडी घालून बांधावर येऊन उभा राहिला.

मग नाल्याच्या अंगानं बांगड्या वाजल्या. टोळी आली, सगळी.

"अगं, तिकडं!" साहेबराव ओरडला. "माझं वावर तिकडं हाय!"

"ठावं हाय," दुर्गाबाई वावरात उतरत म्हणाली. "जादा मजुरी बराबर हाय, साहेबराव. पर उद्या मला पान लागलं, तर माझ्या कळ्या सोलाया तुमी याल का? ही येईल. बिलकुल येईल. रातभर भांडून बायांनी हेच ठरवलं."

बाया ओळींत पांगल्या. साहेब मोटारसायकल लावून, चहा पिऊन येईपर्यंत नुसते हात चालत होते.

साहेब एकेका ओळीतून फिरला. पानं बाजूला सारून बघत होता. खालच्या अंगाला एका झाडापाशी तो वाकला आणि सगुणाबाईनं दुर्गाबाईचा दंड धरला. साहेबानं फांदी वाकवली, आत बोट घातलं, वळून बघितलं. गळून अडकलेली पाकळी होती.

"पास," तो म्हणाला.

"नशीब वैनीचं," साहेबराव पुटपुटला.

नवरा गेल्यापासून सगुणाबाईनं दिराकडं मान वर करून बघितलं नव्हतं. आज बघितलं.

"नशीब न्हाई, भाऊजी. बाया हायेत."

हंगामभर छातीवर बसलेला धोंडा उतरला, आणि दिलेलं कुठं जातं याची तिला पहिल्यांदा नीट समज आली. पण बसून रडायला वेळ नव्हता. ऊन वर आलं होतं, पलीकडच्या सोललेल्या कळ्यांना अजून केसर लागायचा होता, आणि साहेब तिकडंच निघाला होता.

"चला गं जल्दी," ती म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी बांध ओलांडून जन्नतबीच्या वावरात उतरली.