चाळीस डोस

माझी शेवटची पोस्टिंग बेळगावला होती. मी कंग्राळीचा. वीस वर्षं बाहेर काढून घराजवळ आलो होतो. युनिटच्या एम.आय. रूममध्ये, म्हणजे जवानांच्या दवाखान्यात, मी नर्सिंग असिस्टंट. हुद्दा हवालदार. साडेसहाला सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची हजेरी; आठला आमच्या डॉक्टर कॅप्टन मॅडम येत. ड्रेसिंग, बी.पी., गोळ्या. दिवस असे जात.

त्या वर्षी फ्लूच्या लसीचे चाळीस डोस आले. सगळ्यांना पुरणार नव्हते.

"हवालदार, उद्या अकरापर्यंत यादी द्या," मॅडम म्हणाल्या. "आधी दवाखान्यातला स्टाफ. मग दमा, शुगर, हार्टवाले. उरले तर बाहेर फिरणारे ड्रायव्हर. कागद बघून करा."

पहिलं नाव माझंच आलं.

लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात, परशराम स्वयंपाक करायचा. हुद्दा नाईक, माझ्याहून एक पायरी खाली. बेळगुंदीचा. महिन्यापूर्वी तो सारखी तहान लागते म्हणून आला होता. मी बोट टोचून शुगर बघितली. दोनशे ऐंशीच्या वर.

"अण्णा, ह्ये लिवू नका. प्रमोशनचा बोर्ड हाय. एकदा हवालदार झालो की सोता सांगतो."

आजार कागदावर आला की मेडिकल कॅटेगरी खाली जाते, प्रमोशन अडतं. मी लिहिलं नाही. बाहेरच्या डॉक्टरकडे पाठवलं.

यादी करताना मी चार वाजता लंगरमध्ये गेलो.

"परशा, तुझं नाव घालू काय?"

"कारण काय लिवनार?"

"शुगर."

"मग नको. मला काय धाड भरलीया?"

मी परत आलो. चाळिसावा डोस एका ठणठणीत ड्रायव्हरला गेला.

पाच आठवड्यांनी लंगरमधले तिघं तापानं पडले. परशराम दोन दिवस ताप लपवून कामावर होता. तिसऱ्या दिवशी ६.४० ला दोघांनी त्याला धरून आणलं. ओठ निळसर पडले होते. मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, नाईक परशराम. ताप एकशे तीन. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी."

"काही जुना आजार?"

"शुगर, मॅडम."

"रेकॉर्डवर आहे?"

"नाही."

"ॲम्ब्युलन्स काढा. मूव्ह."

न्यूमोनिया झाला होता. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये पाचव्या दिवशी दुपारी ३.२० ला तो गेला.

मी सगळं मॅडमना लेखी दिलं. शिक्षा झाली, ती योग्यच होती. मॅडम एवढंच म्हणाल्या, "लस दिली असती तर वाचलाच असता, असं कुणी सांगू शकत नाही. पण ती त्याच्या हक्काची होती."

बेळगुंदीला मी पार्थिवाबरोबर गेलो. दिवसकार्य झाल्यावर पुन्हा गेलो. त्याच्या बायकोनं विचारलं, "भावजी, तुमी दवाखान्यात हुता न्हवं? ह्यास्नी लस दिलीवती?"

"न्हाय, वैनी."

"का?"

मी सांगितलं. सगळं.

"शुगर हाय म्हून मला बी बोललं न्हाईत," ती म्हणाली. "सुट्टीला आलं की मी लई हौसेनं च्यात साखर घालत हुते. त्ये गप पीत हुते."

ती उठून आत गेली.

नाईक परशराम अडतीस वर्षांचा होता. पहाटे चारला चूल पेटवायचा आणि शेवटचा जवान जेवल्याशिवाय स्वतः ताटावर बसायचा नाही.