नाकापर्यंत आलेला फोटो

नव्वदीच्या शेवटी इस्लामपुरात ब्राऊझरचा डॉक्टर एकच होता, तो म्हणजे मी. माझ्या चपलांचा आवाज ऐकूनच अडकलेले कॉम्प्युटर सुतासारखे सरळ यायचे, असं मीच गावभर सांगत असे. औषध मात्र एकच: बंद करायचा, पुन्हा चालू करायचा.

थोरला भाऊ शिरवळला कारखान्यात होता. त्यानं फोनवर आईला सांगितलं, "मिशी ठेवलीय. दोस्तानं फोटो इंटरनेटवर टाकलाय, बघ कसा दिसतोय." फोटोचा पत्ता मी फोनशेजारी भिंतीवरच लिहून ठेवला. पण आमच्याकडं इंटरनेटची लाइन लागणं म्हणजे कोयनेचं पाणी दुष्काळी जतला चढवणं. मोडेम रोज मान मुरगळलेल्या कोंबड्यासारखा ओरडायचा आणि गप व्हायचा. फोटो बघायचा राहिला तो राहिलाच. मग कोयनानगरच्या घाटात जीप दरीत गेली. त्यात भाऊ गेला, फोटो टाकणारा दोस्तही गेला.

तेराव्याच्या सकाळी लाइन लागली. फोटो पट्टीपट्टीनं वरून खाली उतरू लागला. आभाळ. केस. कपाळ. डोळे. आई खुर्चीची पाठ धरून उभी. नाक आलं आणि ब्राऊझर गचकला. माउस हलेना, लाइनही तुटलेली.

"बंद करून परत लावतो," मी म्हणालो.

"आन परत न्हाई आला म्हंजे? ऱ्हाऊ दे. हाय तेवढा तरी हाय."

पंचक्रोशीचा डॉक्टर, आणि औषधालाच मनाई! मी नुसता नाकापर्यंतच्या भावासमोर बसून राहिलो. तेवढ्यात चुलती गोमूत्राचा तांब्या आणि आंब्याचा डहाळा घेऊन घर शुद्ध करत आली. पलंग झाला, कपाट झालं, भावाच्या चपला झाल्या.

"काकू, आवं हितं नगं, करंट हाय!"

"सुतक काय करंट बघून लागतं व्हय रं?" म्हणत तिनं डहाळा झटकला.

असा बार उडाला की कराडच्या पुलावरचे कावळे उठले असतील. वरचा पडदा, खालचा डबा, दोन्ही जळाले.

कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आल्यावर मी भिंतीवरचा पत्ता टाकला. पान सापडत नाही. बंद केला, चालू केला. सापडत नाही. दोस्तानं इंटरनेटवरच्या फुकटच्या जागेत टाकलेलं पान ते. धनी गेल्यावर कोण सांभाळतो?

आई मागंच उभी होती. "मिशी कशी दिसत असंल रं?"

मी सुटलोच. "मिशी? दोन टोकांवर दोन लिंबं ठेवावीत! शिरवळच्या फाट्यावर ट्रकवाले ब्रेक मारून बघायचे. हवालदार तर आधी मिशीला सलाम ठोकायचा, मग साहेबाला."

"थापा हायत ह्या."

माझा हात सवयीनं बटणाकडं गेला.

"गप का झालास?" ती म्हणाली. "डोळं तर हसत न्हवतं त्येचं. त्वांड हसत हुतं का, तेवढं सांग."